राजहंसाची पिल्लं घरी वाढवताना: आधी पाय बघा, मग बाकीचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठवडी बाजारातून राजहंसाची चार पिल्लं आणलीत, तेव्हा ती चार-पाच दिवसांची होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलंत, वर बल्ब सोडलात, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आणि थाळीत पाणी ठेवलंत. रविवारी संध्याकाळी लेकीच्या हट्टाखातर पिल्लांना घमेल्यात पोहायला सोडलं आणि सकाळी एक मेलेलं सापडलं. उरलेल्या तिघांतलं एक आता सारखं बसून राहतं, चार पावलं टाकली की बूड टेकतं. आज ती दोन आठवड्यांची आहेत. हे पिल्लू वाचेल का आणि बाकीची दोन नीट कशी वाढवायची, असं तुम्ही विचारलंय.

वाचेल, असं मला वाटतं; पण उपाय आजच सुरू करावा लागेल. मी आजरा तालुक्यात गेली एकवीस वर्षं राजहंस पाळते, आणि कोंबड्या पाळायची सवय असलेला माणूस राजहंसाच्या पिल्लांत नेमका कुठे चुकतो ते माझ्याच हातून घडलेलं आहे. सासूबाईंच्या हाताखाली मी कोंबड्या बघायला शिकले. खुडूक कोंबडीखाली राजहंसाची पाच अंडी ठेवली तेव्हा पुढचं सगळं येतंच आपल्याला, असं धरून चालले. पाचांतून चार पिल्लं निघाली आणि महिन्याभरात एकच उरलं. दोन भिजून, गारठून गेली, तुमच्या पिल्लासारखीच. तिसऱ्याचे पाय गेले. पाय का गेले हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला आधी तेच सांगते.

पिल्लू उचलताना पायाला धरू नका. तळहात पोटाखाली सरकवा, पाय बोटांच्या फटीतून खाली लोंबू द्या आणि दुसरा हात पाठीवर ठेवा. असं धरलं की ते लगेच शांत होतं. आता पायाचा मधला सांधा बघा. आपल्याला तो उलटा वाकलेला गुडघा वाटतो, पण तो खरं तर घोटा आहे. गुडघा वर लवीत झाकलेला असतो. दोन्ही पायांचे हे घोटे अंगठा आणि तर्जनीत धरून एकमेकांशी ताडून बघा. दोन्ही जाडसर लागले, पाय धनुकलीसारखे वाकल्यासारखे दिसले आणि खाली ठेवल्यावर पिल्लू घोट्यांवरच टेकून बसलं, तर ती नायसिनची कमतरता समजा. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकून पिल्लू पोटावर सरपटत असेल तर दोष गुळगुळीत जमिनीचा. एकच पाय गरम आणि सुजलेला असेल तर तळव्यात काटा, खिळा, चीर शोधा. आणि घोट्याच्या मागची दोरीसारखी शीर जागेवरून घसरून पाय एका कडेला पिळवटला असेल तर घरी काही करू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. ती शीर लवकर जागेवर बसवली तरच उपयोग होतो, आणि तेव्हाही दरवेळी होतोच असं नाही.

तुम्ही लिहिलंय की पिल्लू खातं-पितं, डोळे तरतरीत आहेत, पाय फाकलेले नाहीत, फक्त जोर नाही. म्हणजे बहुधा पहिलंच कारण.

नायसिन म्हणजे ‘ब’ गटातलं तिसरं जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे ३५ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन पुरतं, राजहंसाच्या पिल्लाला पहिले चार आठवडे ६५ मिलिग्रॅम लागतं. कोंबडीचं शरीर प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून थोडंफार नायसिन स्वतः तयार करून घेतं; बदक-राजहंसांना ते तितकं साधत नाही. त्यातून आपल्याकडच्या खाद्याचा कणा म्हणजे मका, आणि मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की पोटात जाऊनही बरंचसं हाती लागत नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या माणसांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग व्हायचा, तो याच कारणानं. कोंबडी-खाद्याच्या पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ लिहिलेलं असतं आणि कोंबडीसाठी ते खरंही असतं. पण राजहंसाचं पिल्लू आठवड्याभरात वजनानं दुपटीच्या पुढे जातं. एवढं अंग पेलायचं आणि पायात बळ नाही, म्हणून ते बसतं.

उपाय असा करा. ब्रूअर्स यीस्टची, म्हणजे बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची मेलेली पावडर आणा. किलोभर खाद्यात ५० ते ७५ ग्रॅम मिसळा आणि निदान आठ-दहा आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. पावाचं यीस्ट आणू नका, ते जिवंत असतं आणि पोटात फसफसतं. यीस्ट मिळेपर्यंत थांबूही नका. औषधाच्या दुकानात नायसिनच्या साध्या गोळ्या मिळतात. हळूहळू विरघळणाऱ्या घेऊ नका. मी चार लिटर पिण्याच्या पाण्यात साधारण १५० मिलिग्रॅम विरघळवते आणि ते पाणी रोज नवं करते. बसलेल्या पिल्लाला यापेक्षा जास्त मात्रा द्यायची का, हे त्याचं वजन करून पशुवैद्यकांना विचारा. जोडीला ताजे मटार चेचून द्या. माझ्या अनुभवात दोन-तीन दिवसांत पिल्लू जास्त वेळ उभं राहायला लागतं, आठवड्यात चालतं. वाकलेलं हाड मात्र नंतर पूर्ण सरळ होत नाही, म्हणून आजच्या आज, असं म्हणतेय.

तोवर त्या पिल्लाला खाण्या-पाण्याच्या जवळ ठेवा, पण बाकी दोघांपासून तोडू नका. मध्ये जाळीचा तुकडा उभा करा, म्हणजे ती एकमेकांना दिसतील आणि याला कुणी तुडवणार नाही. एकटं पडलेलं पिल्लू ओरडून ओरडून दमतं आणि खाणं सोडतं. एकटं पिल्लू पाळायला कुणालाच देऊ नये, या मताची मी आहे.

पाय फाकलेलं पिल्लू तुमच्याकडे आज नाही, पण पुढच्या खेपेला उपयोगी पडेल म्हणून सांगते. वर्तमानपत्र हे पहिल्या आठवड्यातलं सगळ्यात वाईट अंथरूण. कोरडं असताना गुळगुळीत, ओलं झालं की चिखल. पिल्लाचे पाय सरकत राहतात आणि कंबरेचे सांधे तसेच बसतात. आधी बारदान ताणून अंथरा, सुटे धागे कापून टाका. चार-पाच दिवसांत पिल्लांना खाणं कशाला म्हणतात ते कळलं की वर दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा रंध्याचा जाड भुसा टाका. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात आणि तो पोटात गोळा होऊन बसतो. पाय फाकलेलं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसलं तर दोन्ही पायांत नेहमीच्या उभं राहण्याएवढं अंतर ठेवून मऊ चिकटपट्टीचा सैलसर आठचा आकडा बांधते. तीन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं सुधारतात. दोन आठवड्यांनी बांधून काही होत नाही.

तूस, पेंढा, भुसा जे काही वापराल ते आधी नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर टाकून द्या. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात बसतात. पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकतं, आणि त्यावर आपल्या हाती फारसं काही नसतं.

बुरशीचं निघालंच आहे तर पेंडीबद्दल इथेच सांगते, कारण ही चूक कळकळीनं, पिल्लांचं भलं व्हावं म्हणून केली जाते. प्रथिनं मिळावीत म्हणून लोक घरची शेंगदाणा पेंड भिजवून घालतात. शेंगदाण्यात नायसिनही भरपूर असतं, म्हणजे कागदावर हा उत्तम उपाय. पण शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि बदक-राजहंसाची पिल्लं त्याला कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक असतात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असंच नाव पडलं. अखेर शोध जाऊन थांबला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला तिथून झाली, आणि पुढे एखाद्या मालात ते आहे की नाही हे तपासायला बदकाची पिल्लंच वापरली जात. इतकी ती नाजूक. पेंड डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी भरवसा नाही, आणि शिजवल्यानंही ते विष जात नाही. माझ्या पिल्लांना मी पहिले दोन महिने शेंगदाणा पेंड देत नाही, आणि पावसाळ्यात साठवलेला मका तर मोठ्या पक्ष्यांनाही देत नाही.

मग द्यायचं काय? कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य चालतं. २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं घ्या. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. एक, त्यात कॉक्सिडिया रोगाचं औषध मिसळलंय का. बिनऔषधाचं मिळालं तर तेच घ्या, कारण ती मात्रा कोंबडीच्या खाण्याच्या हिशेबानं घातलेली असते आणि राजहंसाचं पिल्लू वयाच्या मानानं फार जास्त खातं. दोन, हे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य तर नाही ना. त्यात कॅल्शियम खूप असतं, लहान पिल्लाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. खाद्य पाण्यानं ओलसर करा, मुठीत दाबल्यावर जेमतेम गोळा होईल इतकंच. कोरडं पीठ घशात चिकटतं. ओलं खाद्य दोन तासांनी काढून टाका, आपल्याकडच्या उन्हात ते लगेच आंबतं. चपाती, भात, पाव, फरसाण यांनी पोट भरू नका. मुलांना सांगून ठेवा. खारट काहीही नको.

तीन आठवडे झाले की खाद्य बदला. ही वेळ पुष्कळ जण चुकवतात. पिल्लं छान वाढताहेत म्हणून स्टार्टर भरपूर चालू ठेवलं जातं. चौथ्या आठवड्यापासून पंखांच्या मोठ्या पिसांच्या नळ्या फुटायला लागतात. रक्तानं भरलेल्या या नळ्या जड असतात. अंग फार वेगानं वाढलं तर पंखाच्या टोकाच्या सांध्याला ते ओझं पेलवत नाही आणि टोक बाहेर वळतं, विमानाच्या पंखासारखं. मोठेपणी ते तसंच राहतं. म्हणून तीन आठवड्यांनंतर स्टार्टर हळूहळू अर्ध्यावर आणा, उरलेल्या जागी भरडलेला गहू, ज्वारी किंवा तांदळाची कणी घाला, म्हणजे प्रथिनं १५-१६ टक्क्यांवर येतात. बाकी पोट चरून भरू द्या. पंखाचं टोक लोंबलेलं किंवा वळलेलं दिसलं की त्याच दिवशी पंख नेहमीसारखा मिटून, त्याच्याच घडीत मऊ पट्टीनं गुंडाळा. अंगाला आवळून बांधू नका. तीन-चार दिवसांनी सोडून बघा. लवकर सापडला तर पंख जागेवर बसतो.

हिरवं मात्र आजपासूनच द्या. राजहंस हा मुळात गवत खाणारा पक्षी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिल्लं हिरव्या पात्याला चोच लावतात. कोवळी हरळी, लसूणघास, माठ, कोथिंबीर, मेथीची पानं, सगळं अर्ध्या बोटाएवढं चिरून. लांब, चिवट गवत, हत्तीघास वगैरे नको. त्याची गुंडाळी गळ्याशी अडकते. सोबत एका वाटीत नदीची जाडसर वाळू ठेवा, दळायला त्यांना दात नसतात. आणि तुमच्या भागात कांदा, टोमॅटो, द्राक्षं भरपूर, म्हणजे फवारणीही भरपूर. बांधावरचं गवत घेण्याआधी शेजारच्याला विचारा, कधी आणि काय मारलंय. मी एकदा न विचारता ओढ्याकाठचं कोवळं गवत आणलं होतं. संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं मान टाकून होती.

आता उबेकडे येऊ. तुम्ही बल्ब लावलात असं लिहिलंय आणि पुढे तो नऊ वॅटचा आहे असंही. म्हणजे तो एलईडी. दादा, त्याचा उजेड पडतो, ऊब जवळजवळ नसते. तुमच्या पिल्लांनी इतक्या रात्री थंडीतच काढल्या. हल्ली हे फार होतंय, कारण जुना तारेचा बल्ब घराघरातून गेला. विजेच्या सामानाच्या दुकानात मागितला तर ६० किंवा १०० वॅटचा अजून मिळतो. कोंबडी-खाद्याच्या दुकानात पिल्लांसाठीचा वेगळा दिवाही असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ अंशांच्या आसपास तापमान हवं, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. तुमची दोन आठवड्यांची आहेत, म्हणजे २६ ते २८ पुरे. साधा तापमापक जमिनीपासून चार बोटांवर बांधा.

पण तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघा. तिन्ही दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसली आणि कर्कश ओरडत असली तर थंडी आहे. लांब भिंतीला टेकून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. सुटी सुटी, पाय मागे ताणून, मान टाकून झोपली तर सगळं ठीक. हे शेवटचं बघून नवा माणूस घाबरतो, पिल्लू मेलं की काय म्हणून. हलवू नका, गाढ झोपलेलं असतं. सगळं जागेवर असलं की ती बारीक, मऊ आवाजात सारखी आपापसांत बोलत असतात. हा आवाज एकदा कानात बसला की दुसऱ्या खोलीतूनही काय चाललंय ते कळतं.

दिवा खोक्याच्या मधोमध नको, एका टोकाला हवा, म्हणजे पिल्लाला हवं तसं जवळ-लांब होता येतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचा घोळ असा की पहाटे अंगावर काटा येतो आणि दुपारी पत्र्याखाली होरपळ. दुपारी दिवा बंद करा आणि खोकं सावलीत आणा. रात्री नऊनंतर पुन्हा लावा. दिवा वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीनं टांगा आणि दुसरी तार सुरक्षेला बांधा. कोरड्या तुसावर पडलेला गरम बल्ब घर पेटवू शकतो. पुठ्ठ्याचं खोकंही बदला, ते खालून भिजतं. टोमॅटोचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून तारेनं बांधा, आतून कडेला पोतं लावा. स्वस्तात चांगलं घर होतं. तीन आठवड्यांनंतर तेही अपुरं पडेल, जागा दर आठवड्याला दुप्पट करावी लागते.

वीज गेली तर? आमच्याकडे जाते. बाटल्यांत कढत पाणी भरायचं, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि पिल्लांच्या मध्ये आडव्या ठेवायच्या. वर पोतं टाकायचं, एक बाजू हवेसाठी उघडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा धूर पिल्लांना आणि तुम्हाला, दोघांनाही घातक आहे.

पाण्याबद्दल तुमच्या लेकीला नीट समजावून सांगा, आणि तिची चूक नव्हती हेही सांगा. राजहंस पाण्यातला पक्षी, पिल्लू पोहणारच, असं कुणालाही वाटतं. आईमागे ते पहिल्याच दिवशी पाण्यात उतरतंही. फरक असा की आईच्या पंखाखाली झोपणाऱ्या पिल्लाच्या लवीला तिच्या पिसांवरचं तेल लागलेलं असतं, आणि भिजलं तरी ते लगेच तिच्या पोटाखाली घुसून कोरडं होतं. दिव्याखालच्या पिल्लाला यातलं काहीच नसतं. लव पाणी शोषते, पिल्लू जड होतं, घमेल्याच्या उभ्या कडेवरून त्याला बाहेर येता येत नाही, आणि बाहेर काढल्यावरही रात्रभर ते आतून गार पडत जातं. माझी दोन गेली तेव्हा ती सकाळी हातात घेतली होती. भिजवून पिळलेल्या कापसासारखी लागली. अजून हाताला आठवतं.

परत असं भिजलंच तर टॉवेलनं टिपून घ्या, चोळू नका. अंगाला धरून किंवा गरम बाटलीशेजारी ठेवा. केस वाळवायचं यंत्र असेल तर मंद ठेवून हातभर लांबून वापरा. मान वर धरेपर्यंत काही भरवू नका.

पोहायला आणखी एखादा आठवडा थांबा. तिसऱ्या आठवड्यानंतर, भर दुपारी, कोमट उथळ पाण्यात पाच-दहा मिनिटं, आत-बाहेर करायला उतरती फळी किंवा विटा, आणि बाहेर आल्यावर ऊन. डोळ्यासमोरून हलायचं नाही. छाती-पोट पिसांनी झाकलं, साधारण सहा-सात आठवड्यांनी, की मग विहिरीच्या कुंडात खुशाल सोडा.

पिण्याचं पाणी मात्र खोल हवं, आणि इथेच थाळीचा दोष. पिल्लाला चोच नाकपुड्यांपर्यंत, पुढे डोळ्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे. खाद्याचे कण नाकपुड्यांत वाळून बसतात, डोळे चिकटतात. ते धुवायचा त्याच्याकडे हा एकच मार्ग. चोच बुडेल आणि अंग आत जाणार नाही, असं भांडं करायचं. मी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला दोन बाजूंनी डोकं जाईल एवढी भोकं पाडते आणि काठ मेणबत्तीवर धरून बोथट करते. ते जमलं नाही तर मातीच्या परळात मोठे गोटे भरा. भांड्याखाली पसरट घमेलं आणि त्यावर जाळी ठेवा, सांडलेलं पाणी तुसात जायला नको. ही पिल्लं पाणी किती सांडतात ते तुम्ही बघितलंच असेल. रोज ओलं तूस काढून कोरडं घालणं हे या कामातलं निम्मं काम आहे. आणि पाणी काढून घ्याल तेव्हा खाद्यही काढा. पाण्याशिवाय खाल्लं तर घास अडकतो.

रात्रीची राखण हा तुमच्याकडचा खरा प्रश्न. मांजर दिसतं तरी, घूस दिसत नाही; ती खालून उकरून येते आणि पिल्लू ओढून नेते. वरून आणि खालून अर्ध्या इंची जाळी लावा. कोंबडीची मोठ्या भोकांची जाळी उपयोगाची नाही, मुंगुसाचा पंजा तीतून आत जातो. मुंग्यांसाठी क्रेट चार विटांवर ठेवून प्रत्येक वीट पाणी घातलेल्या ताटलीत बसवा. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना दिवसाही अंगणात एकटं सोडू नका. कावळे आणि घारी टपलेल्या असतात. मार्च-एप्रिलच्या वळवाच्या पावसात पिल्लं उघड्यावर राहिली तर दहा मिनिटांत भिजून चिंब होतात, घमेल्याचंच मोठं रूप समजा.

तुमच्याकडे कोंबड्या आहेत म्हणून आणखी एक. पिल्लं त्यांच्यापासून वेगळी ठेवा, भांडी वेगळी, आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून येऊन लगेच पिल्लांना हात लावू नका. काही रोग पाणपक्ष्यांच्या अंगावर न दिसता राहतात आणि कोंबड्यांत गेल्यावर पेटतात, तसंच उलटंही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिलाच, तेव्हा कोंबड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. लेकीला पिल्लाचा पापा घेऊ देऊ नका आणि खेळून झाल्यावर साबणानं हात धुवायला लावा. मनानंच टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी पाण्यात टाकू नका. पायाच्या या दुखण्यावर तिचा काही उपयोग नाही.

आणि कुणी ओढ्याकाठून उचललेली जंगली पिल्लं विकायला आणली तर घेऊ नका. आपल्याकडच्या तळ्यांवर हळदी-कुंकू बदक, अडई यांची पिल्लं असतात. ती पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हिवाळ्यात जायकवाडी-उजनीवर येणारा पट्टकादंब हंस तर इथे घरटंच करत नाही, त्याची पिल्लं लडाख-तिबेटकडे होतात. तुम्ही आणलीत ती पाळीवच आहेत, काळजी नको. आपल्याकडे बहुतेक करून चिनी जातीचेच राजहंस असतात, मोठेपणी चोचीच्या मुळाशी गाठ येते ती.

पिल्लं लेकीच्या मागे मागे फिरतात, ती नसली की ओरडतात, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं समोर दिसतं त्यालाच ती आई मानतात. ऑस्ट्रियात कॉनरॅड लॉरेन्झ यांनी राजहंसाच्या पिल्लांवर हेच अभ्यासलं आणि १९७३ साली ते नोबेलचे मानकरी झाले. तुमच्याकडे येण्याआधी ती कुणाच्या मागे लागली होती कोण जाणे, पण आता तुमची लेकच त्यांची आहे. तिनं रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावं, हातातून कोथिंबीर द्यावी, एकाच आवाजात हाक मारावी. बोटांना चोच मारायचा खेळ मात्र लावू नये. हातावर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही, आणि वर्षभरानं तोच खेळ तो पंखांनी आणि चोचीनं खेळतो, तेव्हा लागतं.

तिनं शेवटी विचारलंय, तिघांत नर कोणता? आज मला सांगता येणार नाही आणि तुम्हीही शेपटीखाली दाबून बघायला जाऊ नका, नवख्या हातानं पिल्लाला इजा होते. तीन-चार महिन्यांनी आवाज फुटेल. चिनी राजहंसात नराचा आवाज चिरका, उंच, आणि मादीचा जाड, घोगरा. चोचीवरची गाठही नराची आधी आणि मोठी येते. तोवर नावं ठेवायची असली तर दोघांनाही शोभतील अशी ठेवायला सांगा.